रोगाची साथ आणि लसीची पत

करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. आपल्या दुकानांपुढील चुन्याची वर्तुळे त्यापूर्वीच पुसली गेली होती. परंतु त्या साथीने आपल्या बोलण्यात आणून ठेवलेला एक प्रश्न अद्याप गेलेला नाही. पेठेतील एखादा चाळिशी-पन्नाशीचा गृहस्थ एकाएकी हृदयविकाराने गेला, की सांत्वनासाठी जमलेल्या मंडळींत कोणीतरी हलक्या आवाजात विचारतोच, "लस घेतली होती का हो त्यांनी?" हा प्रश्न विचारणारा अडाणी नसतो. बहुधा त्याने स्वतः दोन्ही वेळा टोचून घेतलेले असते, आणि नातवंडांना बालपणीच्या सर्व लशी वेळच्या वेळी देण्यात तो कुचराई करीत नाही.

मग हा संशय येतो कोठून? अज्ञानातून येतो, असे एक तयार उत्तर आहे आणि ते देणाऱ्यास फारसे कष्ट पडत नाहीत. मला ते पुरेसे वाटत नाही. आपण व्यापारी आहोत; पत कशी जमते आणि कशी जाते हे आपण रोज पाहतो. माल उत्तम असूनही पेढीची पत जाऊ शकते, आणि माल थोडा उणा असला तरी उणेपणा आधीच सांगणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक पुन्हा येते. लसीच्या बाबतीतही मागील सव्वाशे वर्षांत आपल्या मुलखात हेच घडत आले आहे. ते समजण्यासाठी प्रथम प्लेगच्या काळाकडे जावयास हवे.

मुंबईत प्लेग ओळखला गेला तो सप्टेंबर १८९६ मध्ये, मांडवी भागात. ओळखणारे डॉक्टर होते अकासियो गॅब्रिएल व्हिएगस, मूळचे गोव्यातील हडफडे गावचे. हाँगकाँगकडून आलेल्या जहाजांबरोबर हा रोग आला असावा, असे मानतात. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेला धान्याच्या वखारींचा भाग. जेथे धान्य तेथे उंदीर, आणि जेथे उंदीर तेथे त्यांच्या अंगावरील पिसवा. परंतु पिसवेचे हे रहस्य त्या वेळी कोणासही ठाऊक नव्हते. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने ते १८९८ साली कराचीत शोधून काढले. त्यानंतरही कित्येक वर्षे मोठमोठ्या तज्ज्ञांनी ते मानले नाही. अर्थात आरंभी सरकारने जे उपाय योजले ते बहुतांशी अंधारातील होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगाचा कायदा झाला आणि अधिकाऱ्यांस घरात शिरण्याचा, रोग्यास उचलून नेण्याचा, सामान जाळण्याचा अधिकार मिळाला. भिंतींवर कार्बोलिकचे फवारे उडाले, कौले उतरविली गेली, घरांतील बिछाने रस्त्यावर पेटले. पुण्यात तर घरझडतीसाठी गोरे सोजीर लावण्यात आले. त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी रँडवर चाफेकर बंधूंनी झाडलेल्या गोळीत झाली, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला, हेही विसरता येत नाही.

लोक इस्पितळाला भीत होते. तेथे नेलेला मनुष्य परत येत नाही, तेथे माणसांचे तेल काढतात, असे बोलले जाई. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने मुंबईच्या आर्थर रोडवरील इस्पितळावर हल्लाच केला. रोगी माळ्यावर लपविले जात, प्रेते रातोरात हलविली जात. या सर्वांस अडाणीपणा म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. परंतु इस्पितळात नेलेले बहुसंख्य रोगी खरोखरच परत येत नव्हते. कारण ते फार उशिरा नेले जात, आणि औषध असे काही नव्हतेच. शिवाय एका गोष्टीत लोक सरकारच्या पुढे होते. 'उंदीर पडू लागले' की घर सोडून माळावर जावयाचे, हे त्यांनी आपल्या अनुभवाने ठरविले होते. पिसवेचे शास्त्र पुढे सिद्ध झाल्यावर हाच उपाय बिनतोड ठरला. आमच्या आजीचे बालपण त्या पुढच्या वर्षांतले. आपल्या घराण्याने दोन हंगाम बेळगावाबाहेरच्या माळावर कुडाच्या झोपडीत काढले, आजोबांच्या वडिलांनी वहीखाते तेथेच मांडले आणि दिवाळीचे वहीपूजनही झोपडीतच केले, ही हकीकत ती थोड्या अभिमानानेच सांगे. तिच्या त्या गोष्टींत लसीचा उल्लेख मी कधी ऐकला नाही. उंदरांचा मात्र असे.

लस त्या वेळी निघालेली होती. ओडेसा येथे जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईस आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात एका खोलीत कामास लागले आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपल्या लसीची पहिली टोचणी स्वतःच्या अंगात घेतली. त्या महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची परीक्षा झाली. टोचलेल्यांस रोग पुष्कळ कमी झाला, मुळीच झाला नाही असे मात्र नव्हे. ही लस पोषक रश्श्यात वाढविलेले जंतू मारून केलेली असे. गाय व डुक्कर या दोहोंविषयीचे आक्षेप टळावेत म्हणून त्या रश्श्यासाठी बकऱ्याचे मांस घेतले जाई. हिंदू-मुसलमानांचे त्याने समाधान झाले असेल; जैन गृहस्थास त्यात समाधानाचे काय होते, हा प्रश्न कोणी विचारला नाही. त्याकडे मी पुढे येतो.

तथापि लस घेतली गेली ती कोठे आणि कशी, हे पाहण्याजोगे आहे. खोजा समाजाचे प्रमुख तिसरे आगाखान त्या वेळी अवघे एकोणीस-वीस वर्षांचे होते. त्यांनी उघडपणे स्वतः टोचून घेतले आणि आपल्या लोकांसाठी टोचणीची सोय करून दिली. त्या समाजातील फार मोठ्या भागाने लस घेतली. आपल्याजवळच्या हुबळीत १८९८ साली हजारो माणसे टोचणीसाठी आली. मुंबईत निरनिराळ्या ज्ञातींनी आपापली प्लेग-इस्पितळे उघडली, पुण्यात लोकमान्य टिळकांच्या साहाय्याने हिंदूंचे प्लेग-इस्पितळ निघाले, आणि जे लोक सरकारी इस्पितळाच्या नावाने पळत होते तेच येथे आपल्या माणसांस आणू लागले. रोग तोच, उपचारही जवळजवळ तेच. केवळ दारात उभा असलेला मनुष्य ओळखीचा होता. सक्तीने फारसे काही साधत नाही, हे सरकारच्याही दोन वर्षांत लक्षात आले आणि टोचणी ऐच्छिक राहिली.

असे विश्वासाचे खाते हळूहळू जमत असता एक मोठा अपघात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या खेड्यात १०७ माणसांस लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने मरण पावली. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांस काहीही झाले नाही. संशय मुंबईच्या प्रयोगशाळेवर गेला आणि हाफकिन यांस कामावरून दूर करण्यात आले. वस्तुतः बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीत धरून नीट शुद्ध न करताच वापरला गेला होता. ही गोष्ट कागदोपत्री होती. परंतु दोष खेड्यातला की मुंबईचा, याचा निवाडा होण्यास चार-पाच वर्षे गेली. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जाहीर पत्र लिहिल्यानंतर हाफकिन दोषमुक्त झाले. तोपर्यंत पंजाबात टोचणीचे काम बसले होते, आणि प्लेगने सर्वांत अधिक माणसे नेली ती त्याच वर्षांत, त्याच प्रांतात. त्या चिमट्याने एकोणीस माणसे मारली. चौकशीच्या दिरंगाईने किती मारली याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. परळच्या प्रयोगशाळेस १९२५ साली हाफकिन यांचे नाव देण्यात आले, पण ते तोवर केव्हाच हिंदुस्थान सोडून गेले होते.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाविषयी येथे थोडक्यातच लिहितो. आपल्याकडे तिला 'मानमोडी' म्हणत. त्या साथीत हिंदुस्थानात दीड कोटीच्या आसपास माणसे मेली असावीत, असा अंदाज आहे; १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. तिच्यावर लस नव्हती, झडती नव्हती, सक्ती नव्हती. म्हणून की काय, प्लेगच्या कितीतरी गोष्टी घराघरांत राहिल्या आणि तितकीच माणसे नेणाऱ्या मानमोडीचे नावही पुढच्या पिढीस राहिले नाही. माणसे मृत्यूपेक्षा अपमान अधिक काळ लक्षात ठेवतात, असे कधी कधी वाटते.

आता देवीकडे वळू. आपल्या भाषेत रोगाचे नाव देवी, तो पाठविणारी ती देवी, त्यावरील टोचणी म्हणजे 'देवी काढणे', आणि टोचणारा तो 'देवी डॉक्टर'. आपल्या देशात पहिल्या देवी काढल्या गेल्या त्या १४ जून १८०२ रोजी मुंबईत, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. पुढे कित्येक वर्षे ही लस एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशीच नेली जाई. त्यात इतर रोगही पसरण्याचे भय असल्यामुळे वासरावर लस वाढविण्याची पद्धत आली. आज टिळकवाडीतील 'व्हॅक्सिन डेपो'च्या झाडीत आपल्यापैकी अनेकजण सकाळी फिरावयास जातात. ती जागा याच कामाची होती. वासराच्या अंगावरील केस काढून कातडीवर चरे पाडावयाचे, त्यात लस भरावयाची, काही दिवसांनी फोड आले की ते खरवडून घ्यावयाचे आणि ग्लिसरिनमध्ये घोटून कुप्या भरावयाच्या. देशातून देवी घालविण्याच्या मोहिमेत लस पुरविणारी जी चार ठिकाणे होती, त्यांत पटवाडांगर, गिंडी आणि हैदराबाद यांच्या जोडीला आपले बेळगाव होते. मला शाळेत असताना याच गावच्या लसीने देवी काढल्या असाव्यात. दंडावरचा वण अजून रुपयाएवढा आहे.

मुक्या जनावरास पीडा देऊन मिळविलेला पदार्थ आपल्या व मुलांच्या अंगात घालावा काय, हा प्रश्न अहिंसा मानणाऱ्या गृहस्थास पडणे स्वाभाविक आहे. त्यास खुळचट म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की महात्मा गांधींसही तो पडला होता. देवी टोचण्यास त्यांचा विरोध होता आणि त्याचे एक कारण हेच होते. १९३० साली दांडीयात्रेच्या तोंडावर साबरमतीच्या आश्रमात देवीची साथ येऊन तीन मुले दगावली. त्यांत आश्रमातील गायनाचार्य पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचा मुलगाही होता; आणि पंडितजी तरीही त्या यात्रेत चालले. गांधीजी अतिशय व्यथित झाले. मत त्यांनी सोडले नाही, परंतु ते इतरांवर लादण्याचा त्यांचा आग्रह नव्हता. एवढ्या थोर पुरुषाच्या पदरी हा हिशेब असा आला, हे वाचताना आजही मन थबकते.

आपल्या शास्त्रकारांनी गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद सांगितले आहेत. त्यांपैकी जाणूनबुजून, मारण्याच्याच हेतूने केलेली संकल्पी हिंसा गृहस्थाने सर्वथा टाकावी; बाकीच्या तिहींत जितकी टाळता येईल तितकी टाळावी, असा दंडक आहे. औषधदानाची गणना तर चार दानांत आहे. लस या चौकटीत कोठे बसते, याचा निर्णय त्यागी-मुनिवरांनी करावा. माझा तो अधिकार नाही. परंतु एक वस्तुस्थिती नमूद करण्याजोगी आहे. भारतातील देवीचा शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये नोंदला गेला, ८ मे १९८० रोजी हा रोग जगातून गेल्याचे जाहीर झाले, आणि देवीची टोचणी बंद झाली. त्याबरोबर त्या वासरांचे भोगही संपले. ज्या लसीसाठी हिंसा होत होती, तिनेच त्या हिंसेची गरज संपविली. लस न घेण्याने हे झाले नसते.

आता करोनाकडे येतो, आणि येथे घरची गोष्ट सांगणे भाग आहे. आमचे थोरले बंधू, ज्यांना सर्व पेठ अण्णा म्हणे, रात्रिभोजन आणि कंदमूळ यांचा त्याग केलेले गृहस्थ. १ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील मंडळींस लस खुली झाली, तेव्हा ते दुसऱ्याच आठवड्यात केंद्रावर गेले. रांगेत त्यांचा क्रमांक आला, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, "यात प्राण्याचे काही असते का?" उत्तर आले, "घ्यायची तर घ्या आजोबा, नाहीतर पुढच्याला येऊ द्या." अण्णा पुढच्याला वाट देऊन घरी आले. त्यांना नकार द्यावयाचा नव्हता. त्यांना उत्तर हवे होते. मी दोन डॉक्टरांस विचारले. एकाने हसून टाळले, दुसऱ्याने "पाहून सांगतो" म्हटले. एप्रिलच्या अखेरीस दुसरी लाट आमच्या घरात आली आणि मे महिन्यात अण्णा गेले. लस घेतली असती तर ते खात्रीने वाचले असते, असे मी म्हणत नाही. एका माणसाविषयी तसे कोणासच म्हणता येणार नाही. उत्तर न मिळाल्यामुळे ते थांबले, एवढेच मी पाहिले आहे.

ते उत्तर जाहीरपणे आले १६ जून २०२१ रोजी, आणि तेही समाजमाध्यमांवर गवगवा झाल्यानंतर. हैदराबादच्या भारत बायोटेकने तयार केलेल्या कोव्हॅक्सिनमध्ये वासराचे रक्त आहे, असे सर्वत्र पसरले होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने खुलासा केला, तो असा : विषाणू वाढविण्यासाठी 'व्हेरो' नावाच्या पेशी लागतात; त्या पेशींच्या वाढीसाठी नवजात वासराच्या रक्तातील सीरम वापरतात; नंतर पेशी अनेक वेळा धुतल्या जातात, आणि तयार लसीत ते सीरम मुळीच नसते. व्हेरो पेशींची परंपरा १९६२ साली जपानात एका आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडापासून सुरू झाली. प्रत्येक वेळी नवे माकड लागत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशील्ड मानवी पेशींच्या अशाच एका जुन्या परंपरेवर वाढविली जाई. म्हणजे खरे उत्तर असे, की तयार कुपीत प्राण्याचा अंश नाही, तथापि ती तयार होण्याच्या वाटेवर कोव्हॅक्सिनला वासराचे सीरम लागले. हे उत्तर पूर्ण निर्मळ नाही. पण ते खरे आहे, आणि खरे उत्तर ऐकून अण्णांनी बहुधा हात पुढे केला असता. आपले रेशीम, आपली चामड्याची पाकिटे, कॅप्सूलवरील जिलेटिनचे वेष्टन यांचा हिशेब त्यांनी असाच एकेक करून मांडला होता.

दुसरी गोष्ट दुष्परिणामांची. कोव्हिशील्डच्या जातीच्या लसीने क्वचित रक्तात गुठळ्या होतात, हे एप्रिल २०२४ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयातील कागदपत्रांवरून वृत्तपत्रांत आले आणि जणू दडविलेली चोरी उघडकीस आली, असा गलका झाला. वस्तुतः हा दोष २०२१ च्या वसंतातच युरोपात आढळून जाहीर झाला होता, आणि तेथे त्याचे प्रमाण लाखात एखाद-दोन असे होते. परंतु आपल्याकडे टोचणीच्या रांगेत ही गोष्ट किती जणांस सांगितली गेली? मालातील खोट गिऱ्हाईकास आधी आपण सांगितली तर ती खोट राहते. तीच त्याला शेजाऱ्याकडून कळली तर ती फसवणूक ठरते.

एकाएकी येणाऱ्या मृत्यूंविषयी मात्र तपास झालेला आहे आणि तो आपणांस ठाऊक असावा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील ४७ इस्पितळांच्या साहाय्याने, १८ ते ४५ वयाच्या, वरवर निरोगी असता अचानक मेलेल्या ७२९ व्यक्तींची माहिती घेतली आणि त्याच वयाच्या व त्याच भागातील २,९१६ जिवंत व्यक्तींशी ती ताडून पाहिली. २०२३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की लसीने अशा मृत्यूचा धोका वाढला नाही. उलट दोन मात्रा घेतलेल्यांत तो कमी आढळला. धोका वाढविणाऱ्या गोष्टी निराळ्या होत्या : करोनासाठी पूर्वी इस्पितळात राहावे लागणे, घराण्यात कोणाचा अकस्मात मृत्यू झालेला असणे, मृत्यूपूर्वीच्या दोन दिवसांत अतिमद्यपान किंवा अतिश्रमाचा व्यायाम. आपल्या रोकडवहीच्या पद्धतीने पाहिले तरी हे सरळ आहे. देशातील बहुतेक प्रौढांनी लस घेतली आहे. म्हणून कोणीही मेला तरी त्याने लस घेतलेली असण्याचाच संभव अधिक. सांत्वनाच्या बैठकीतील तो प्रश्न यासाठीच काही सिद्ध करीत नाही.

लोकमताचे एकंदर चित्र आपल्या देशापुरते निराशेचे नाही. युनिसेफने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात ५५ देशांची पाहणी होती. त्यांपैकी ५२ देशांत मुलांच्या लसीकरणाचे महत्त्व लोकांना पूर्वीपेक्षा कमी वाटू लागले होते. केवळ भारत, चीन आणि मेक्सिको या तीन देशांत ती भावना टिकली किंवा वाढली. परंतु भावना टिकली तरी काम मागे पडू शकते. करोनाच्या वर्षांत केंद्रे बंद, परिचारिका दुसऱ्या कामावर, मजूर कुटुंबे गावोगाव फिरत; २०२१ साली एकही मात्रा न मिळालेली बालके भारतात सुमारे २७ लाख होती. पुढच्या वर्षी ही संख्या ११ लाखांच्या घरात आली. तोवर व्हावयाचे ते झाले. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी व आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ उसळली आणि मुले दगावली. गोवर आपल्याकडे बालपणीचा मामुली ताप समजला जातो. तो मामुली नाही. तो इतका स्पर्शजन्य आहे, की शंभरातील पंचाण्णव मुलांस लस मिळाल्याशिवाय बाकीची पाच सुरक्षित राहत नाहीत.

गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, बाराव्या महिन्याच्या आत, आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात. सरकारी केंद्रांत ती विनामूल्य असते आणि कार्ड हरवले म्हणून नाकारली जात नाही. आपल्या घरची मुले यात सहसा मागे राहत नाहीत. आपल्या वखारींत पोती वाहणारे हमाल, गाडीवाले, हंगामापुरती आलेली कुटुंबे यांची मुले राहतात. सभासदांनी या पावसाळ्यापूर्वी त्यांच्याकडील कार्डे एकदा मागवून पाहावीत, आणि एखाद्या आईने काही विचारले तर उत्तर ठाऊक असलेल्या माणसाशी तिची गाठ घालून द्यावी.